मागणी क्रमांक चार आणि आईची बेल

आमच्या घरच्या टीव्हीला आजवर दोन चपला बसल्या आहेत. पहिली मी मारली, दुसरी आईनं. पहिलीचं मी आजही जाहीर समर्थन करतो. दुसरीबद्दल मला काही बोलायचं नव्हतं, पण गल्लीत तिच्या इतक्या निरनिराळ्या आवृत्त्या फिरताहेत (एकीत तर चपलांचा जोड आहे!) की अधिकृत निवेदन देणं आता भाग पडलंय.

आम्ही बेळगावातल्या वडगावचे. विणकर. पुढच्या खोलीत चार यंत्रमाग आणि मागच्या खोलीत आम्ही चौघं: आप्पा, आई, माझी मोठी बहीण आक्का आणि मी. माग सुरू झाले की घरात जे होतं त्याला नुसतं 'आवाज' म्हणणं म्हणजे पुराला ओल आली म्हणण्यासारखं आहे. खडाक-खट, खडाक-खट, सकाळपासून. अशा घरात माणसं दोनच तऱ्हांनी बोलतात. एक तर बेंबीच्या देठापासून ओरडून, नाहीतर आवाज न काढता नुसते ओठ हलवून. आई ओठवाली. ती या भिंतीला धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत बसलेली असते आणि पलीकडच्या भिंतीजवळून आप्पांनी नुसते ओठ हलवून 'चहा' म्हटलं तरी तिला कळतं. (ते चहाच म्हणणार हे तिला आधीच माहीत असतं, तो भाग वेगळा.) मी ओरडणारा. त्यात मी कार्यकर्ता! म्हणजे जन्मजात आवाज, आणि वर चौकाचौकांत घेतलेलं प्रशिक्षण.

आणखी एक रीत आहे आमच्याकडं. समोरच्याची नजर मिळाल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही. आधी हात हलवायचा, त्यानं बघितलं की मग बोलायचं. तो बघत नसेल तर थांबायचं. कितीही वेळ. कारण त्याआधी बोललेलं सगळं मागात जातं. ही रीत वडगावात पाळण्यातल्या पोरालाही माहीत आहे. ती ऐन वेळी विसरणारा माणूस आख्ख्या पेठेत एकच निघाला. त्याचीच ही गोष्ट.

मी पत्रकं काढतो. तेव्हापर्यंत एकोणीस काढली होती. गटारीवर तीन, बंद पडलेल्या दिव्यांवर पाच, जांबोटीकडं जाणाऱ्या बसवर चार (बस अजून तिच्या मनाला येईल तेव्हाच जाते), बाकी किरकोळ अन्यायांवर. मान्य झालेल्या मागण्या: शून्य. पण लढणारा माणूस निकालाकडं बघत नाही. निकालही माझ्याकडं बघत नाही.

तर, दर रविवारी संध्याकाळी टीव्हीवर 'उत्तर घरचं' नावाचा खेळ लागायचा. दोन कुटुंबं समोरासमोर, प्रत्येकाच्या टेबलावर एक तांबडी बेल. प्रश्न आला की बेल दाबायची आणि दाबणाऱ्यानंच उत्तर द्यायचं. माग बंद करून आम्ही चौघं बघायला बसायचो, आणि मी पाच मिनिटांत पेटायचो. कारण विक्रांत!

हा विक्रांत सात आठवडे सलग जिंकलेला. चकचकीत जाकीट, केसांना इतकं तेल की त्यात वडे तळावेत. समोरचा उत्तर आठवत असला की हा जांभई द्यायचा. समोरच्याचं चुकलं की बोटं मोडून दाखवायचा. स्वतःची बायको चुकली की कपाळावर हात मारून कॅमेऱ्याकडं बघायचा, जणू आख्ख्या महाराष्ट्रानं त्याची समजूत काढावी. आणि हे सगळं चालू असताना तो सूत्रसंचालक, तो कोटवाला, काय करायचा? हसायचा! माणसाचा अपमान झाला की ह्यांचं संगीत वाजायचं, वरून रंगीत कागद उडायचे. मी विचारतो, ही करमणूक आहे? बाजारात भाजीवाल्याशी कुणी असं बोललं तर चार माणसं जमतील आणि कॉलर धरतील. तेच दिव्यांखाली बोललं की बक्षीस!

त्या रविवारी समोर एक निवृत्त बाई होत्या. म्हाताऱ्या. शाळेत शिकवलेलं. त्यांनी बेल दाबली, उत्तर ओठांवर आलेलं आम्हाला दिसत होतं (आम्हाला दिसतंच!), आणि हा विक्रांत मध्येच मोठ्यानं उत्तर बोलून मोकळा. वर म्हणतो काय, "काकू, तुमची रेंज गेलीय!" कोटवाला हसला. लोक हसले. बाईही हसल्या, आणि त्यांचं ते हसणं मला बघवलं नाही.

माझ्या पायातली चप्पल हातात कधी आली आणि हातातून कधी गेली, मला कळलंच नाही. टीव्हीच्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ उमटली. तेव्हापासून आमच्याकडं बातम्या देणारी बाई, मंत्री, साधुसंत, सगळ्यांची तोंडं मधोमध फाटलेली दिसतात.

"आरं साग्या," आई म्हणाली, "टीव्हीनं काय केलंतं तुजं?"

"बघितलंस न्हवं? म्हातारीला बोलू दिलं न्हाई त्यानं!"

"बघितलं की. पर चप्पल तकडं पोचती व्हय?"

"चप्पल न्हाई पोचत. पत्रक पोचतं!"

"एकोणीस पोचलीत की," आक्का म्हणाली.

आईचा राग माझ्यासारखा नव्हता. तिचं वेगळंच होतं. ती सातवी शिकलेली. पण त्या कार्यक्रमातला प्रश्न आला की कांडीवरचा हात न थांबवता तिचे ओठ हलायचे, आणि उत्तर बरोबर निघायचं. नद्या, राजे, पदार्थ, गणितं, सगळं. त्या रात्री जेवण वाढताना ती एवढंच म्हणाली, "मला बक्षीस नगं, काय नगं. एकदा ती तांबडी बेल दाबायची, समदी माझ्याकडं बघत्याती तवा उत्तर सांगायचं. बास." मागाच्या आवाजात तीस वर्षं बसलेल्या बाईची ती मागणी होती. एका ओळीची. माझ्या एकोणीस पत्रकांत इतकी छोटी मागणी एकही नाही.

मी लगेच विसावं पत्रक लिहायला बसलो. मथळा: 'टीव्हीवरील उर्मट स्पर्धकांचा आणि त्यांना पोसणाऱ्यांचा जाहीर, तीव्र, जळजळीत निषेध!' खाली मागण्या. जांभई देणाऱ्याचे गुण कापावेत. अपमानावर संगीत वाजवणं बंद करावं. सूत्रसंचालकानं हसण्यापूर्वी विचार करावा. आणि मागणी क्रमांक चार, जी लिहिताना माझे डोळे भरून आले: 'दुसऱ्याने बेल दाबली असता त्याच्या तोंडचे उत्तर हिसकावून घेणाऱ्या स्पर्धकास, तो कोणीही असो, सदर कार्यक्रमातून कायमचे हद्दपार करावे!!'

छापायला शहापुरातल्या आमच्या नेहमीच्या छापखान्यात गेलो. मालक बसवंतकाका. त्यांनी मजकूर वाचला आणि चष्म्यावरून बघितलं.

"उद्गारचिन्हं संपली माझ्याकडची."

"काका, विनोद नको. समाजाचा प्रश्न आहे."

"पांढरा कागद बी संपलाय. गुलाबी हाय. लग्नाचा ऑर्डर रद्द झालाता, त्यातला."

त्यामुळं माझा जळजळीत निषेध गुलाबी कागदावर, चार कोपऱ्यांत चार मोर आणि डोक्यावर गणपती अशा थाटात निघाला. मी तो बाजारात वाटला तेव्हा निम्म्या लोकांनी विचारलं, "कधी हाय लग्न?" उरलेल्या निम्म्यांनी विचारलं, "जेवाण हाय का?"

आक्कानं पत्रकाचा फोटो काढून मोबाइलवर टाकला. (भावाच्या प्रेमापोटी नव्हे, मोरांसाठी.) तो लोकांना हसवत फिरत कुठल्या कुठं गेला, आणि आठ दिवसांनी मला फोन आला. वाहिनीच्या एक मॅडम.

"सागर सर, तुमचं पत्रक आम्हाला भयंकर आवडलं!"

"निषेध आवडत नसतो मॅडम. निषेधानं लाज वाटायला पाहिजे."

"हो हो, तीही वाटली. ऐका ना, आम्ही सीमाभागाचा खास भाग करतोय. संकेश्वरला. तुमचं कुटुंब आणि विक्रांत सर, आमनेसामने! फुल राडा!"

"राडा नाही. वैचारिक संघर्ष."

"हो, तेच ते."

मी नाही म्हणायला हवं होतं. तत्त्व म्हणून. पण मागच्या खोलीतून आई माझ्या ओठांकडं बघत होती, आणि तिच्या हातातली कांडी थांबली होती. मी म्हणालो, "एक अट. आमच्याकडून बेल आई दाबणार."

पुढचे पंधरा दिवस आई स्टीलच्या डब्याच्या झाकणावर बेल दाबायचा सराव करत होती. निघायच्या दिवशी तिनं आप्पांनी विणलेली जांभळी साडी नेसली, आणि बसस्टँडवर मला बाजूला घेतलं.

"साग्या, तू गप बसायचं. भांडान न्हाई, भाषान न्हाई. उत्तर मी सांगणार."

"आई, शपथ."

"कुणाची?"

"माझ्या पत्रकांची!"

"मंजी मोडली बघ," आक्का म्हणाली.

संकेश्वरच्या बाहेर उसाच्या फडाला लागून एका मंगल कार्यालयात सगळा थाट होता. भिंतीवरचं 'शुभविवाह' वाहिनीच्या फलकानं झाकलेलं. पण फलक अपुरा पडल्यामुळं आमच्या डोक्यावर शेवटपर्यंत 'शुभ' दिसत राहिलं. शुभ!

काही सज्जन सांगतात की पडद्यावर उर्मट दिसणारी माणसं प्रत्यक्षात फार मऊ असतात. साफ खोटं. विक्रांत प्रत्यक्षात जास्त उर्मट होता, कारण तिथं त्याला वेळेचं बंधन नव्हतं. चहाच्या रांगेत तो पुढून घुसला. चहा पिऊन झाल्यावर त्यानं आजूबाजूला बघितलं, आईला हेरलं आणि रिकामा कप तिच्या हातात दिला. "मावशी, हा तिकडं ठेवा." जांभळ्या साडीतली बाई म्हणजे कार्यालयातली कामवाली, असा हिशेब! मी उठलो. आईनं नुसते ओठ हलवले: 'बस.' मी बसलो. त्या दिवसातलं माझं ते पहिलं आणि शेवटचं शहाणपण.

मग गळ्यात माइक अडकवले. आवाजवाल्या माणसानं कानांवर यंत्र चढवलं आणि म्हणाला, "सर, काहीतरी बोला."

"काय बोलू?" मी म्हणालो.

त्यानं कानांवरचं यंत्र झटक्यात उपसून काढलं. "सर, ओरडू नका."

"मी कुठं ओरडतोय? हा माझा साधा आवाज आहे!"

"साग्या, बारीक बोल," आक्का म्हणाली, आणि त्यानं पुन्हा यंत्र उपसलं. हिचाही आवाज घरचाच. शेवटी आमचे माइक कमरेला लावले, वर रुमाल गुंडाळला. यंत्राचा काटा तांबड्यात गेला तो संध्याकाळपर्यंत तिथंच होता.

दिवे लागले. कोटवाला आला. पहिलं वाक्य: "अरे वा, कर्नाटकात राहून तुम्ही किती छान मराठी बोलता!"

तुम्हीच सांगा! इथल्या कचेरीत गेलो की आम्ही तिकडचे, तिकडं गेलो की आम्ही इकडचे. आमची चूल, आमची भांडणं, आमच्या शिव्या पिढ्यान्‌पिढ्या मराठीत, आणि हा कोटवाला आम्हाला पहिलीतल्या पोरासारखी शाबासकी देतो! मी फक्त चार मिनिटं बोललो. चारच! बोलून थांबलो तेव्हा कॅमेरे बंद होते, एकजण दिव्याची वायर गुंडाळत होता आणि विक्रांत जांभई देत होता.

"साग्या," आई म्हणाली, "बेल कवा दाबायची?"

खेळ पुन्हा सुरू झाला. पहिले दोन प्रश्न विक्रांतनं मारले. त्याचं बोट विंचवासारखं बेलीवर टेकलेलंच. मग आक्कानं दोन काढले, आईच्या परवानगीनं बेल दाबून. आम्ही बरोबरीला आलो. आप्पा प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसून जोरजोरात टाळ्या वाजवत होते. पण मागांनी त्यांचे कान केव्हाच खाल्लेत, त्यामुळं त्या विक्रांतच्या उत्तरांनाही वाजत होत्या. मी डोळे वटारले. आप्पा ओरडून म्हणाले, "शर्टाचं कापाड चांगलं हाय त्याच्या!" हे आख्ख्या कार्यालयानं ऐकलं.

आणि मग झालं ते. विक्रांतनं माइकवर हात ठेवला, बायकोकडं वळला आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले. इतर कुणाला काही कळलं नसतं. पण त्याच्यासमोर तीस वर्षं ओठ वाचणारी बाई बसली होती! (एक सांगायला हवं. नवरा-बायको उत्तरावर कुजबुजायला लागले की आई दर वेळी मान फिरवून खिडकीबाहेरच्या उसाच्या फडाकडं बघायची. "त्येंचं उत्तर आपण वाचायचं न्हाई," म्हणाली. एवढा सच्चेपणा त्या कार्यालयात दुसऱ्या कुणाकडं नव्हता, माझ्यासकट.) या वेळी मात्र तिची मान फिरायच्या आधीच तिनं वाचलं. चेहरा उतरला. मी ओठांनी विचारलं, 'काय म्हणाला?' ती ओठांनी म्हणाली, 'काय न्हाई.' मी ओठांनी म्हणालो, 'सांग.' तिनं सांगितलं: 'कपवाली बाई कॅप्टन! पाच मिन्टात गुंडाळतो.'

मी उठलोच! "ऐकलंत? ऐकलंत का हा काय म्हणाला ते? माफी मागा! आत्ताच्या आत्ता!"

कोटवाला गोंधळला. "सर, ते काही बोललेच नाहीत."

"बोलले! ओठांनी बोलले!"

"सर, सगळेच ओठांनी बोलतात."

कार्यालय हसलं. यंत्रावर मागं नेऊन पुन्हा दाखवलं. पडद्यावर विक्रांत माइक झाकून बायकोकडं बघतोय, शांतपणे, एखाद्या संतासारखा. आणि समोर एक लालबुंद माणूस हवेत गुलाबी कागद फडकवत किंचाळतोय. तो माणूस मी होतो. विक्रांत हात जोडून म्हणाला, "दादा, पाणी घ्या जरा." आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस सभ्य वागला, आणि तेही मला जाळण्यासाठी! मॅडम कॅमेऱ्यामागून दोन्ही अंगठे वर करून मला दाखवत होत्या.

आई माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "मी बेल अजून दाबली न्हाई रं."

शेवटचा प्रश्न आला तेव्हा अजून बरोबरीच होती. कोटवाल्यानं कार्ड उचललं, सावकाश वाचलं: "लाकडाचा असतो. दोन्ही टोकांना निमुळता. पोटात सूत घेऊन आडवा इकडून तिकडं धावतो, आणि त्याच्याशिवाय कापड विणलं जात नाही. काय?"

मला आजही तो क्षण आठवला की अंगावर काटा येतो. धोटा! आमच्या चार मागांवर चार धोटे. माझ्या लहानपणी खेळणं म्हणून हातात दिलेला मोडका धोटा. आईनं त्याच्या पोटात रोज किती कांड्या घातल्या असतील! विक्रांतचं बोट बेलीवर होतं, पण हललं नाही. त्याला येत नव्हतं! चेहरा कोरा, विणायच्या आधी रिकामा माग असतो तसा.

आईनं हात उचलला आणि तांबडी बेल दाबली.

टणणण! डब्याच्या झाकणापेक्षा कितीतरी गोड वाजली. आई ताठ बसली, पदर सारखा केला आणि कोटवाल्याकडं बघितलं.

कोटवाला कॅमेऱ्याकडं बघत होता.

आई थांबली. आमच्या घरची रीत. नजर मिळाल्याशिवाय बोलायचं नाही. तिनं हात जरासा हलवला. कोटवाला कॅमेऱ्याकडं बघून म्हणत होता, "बेल वाजली आहे... काकू विचारात पडल्या आहेत... वेळ सुरू झाली आहे..." आई वाट बघत होती. एक सेकंद. दोन. तीन. विक्रांतनं मोठी जांभई दिली.

मला वाटलं, ती घाबरली. मला वाटलं, ती विसरली. मला त्या निवृत्त बाई दिसल्या. मला अन्याय दिसला! मला अन्याय दिसला की माझं पुढचं मला ऐकू येत नाही.

"धोटा!! आई, धोटा! धोटा सांग! धोटाऽऽऽ!"

घरच्या आवाजात. चार माग चालू असताना हाक मारतो त्या.

कार्यालयात जी शांतता पसरली तशी मी आमच्या घरात माग बंद असतानाही ऐकलेली नाही. आता मात्र कोटवाल्याची नजर मिळाली. पण मला! तो हसून म्हणाला, "अरेरे! बेल काकूंची, उत्तर मुलाचं. नियमाप्रमाणं प्रश्न आता समोरच्या कुटुंबाकडं."

विक्रांत उभा राहिला. जाकीट सारखं केलं. "धोटा," म्हणाला. मग माझ्याकडं वळून, "थँक्यू, दादा." (धोटा म्हणजे काय हे त्याला आजही माहीत नसणार, हे मी शपथेवर सांगतो. शपथ कुणाचीही घ्या, पत्रकांची सोडून.)

संगीत वाजलं. रंगीत कागद उडाले. आप्पा टाळ्या वाजवत होते.

परतीच्या बसमध्ये आई खिडकीजवळ बसली. मी हात हलवला. तिनं बघितलं नाही. पुन्हा हलवला. बघितलं नाही. आमच्या घरात याहून मोठी शिक्षा नाही: नजरच द्यायची नाही, म्हणजे समोरच्याला बोलताच येत नाही. बेळगाव येईपर्यंत मी नुसता हात हलवत होतो. कंडक्टरला वाटलं मला उतरायचंय. त्यानं तीनदा बस थांबवली.

तीन रविवारांनी तो भाग लागला. माग बंद केले. गल्लीतली पंचवीस-तीस माणसं आमच्या घरात, दारात, खिडकीत. मी मनात म्हणालो, निदान लोकांना विक्रांतचं खरं रूप दिसेल. कसलं काय! त्यांनी काटछाट अशी केली होती की विक्रांतचा कप गायब, जांभया गायब, रांग गायब. उरला तो हात जोडून पाणी देऊ करणारा पोरगा. आणि समोर मी, सहा वेळा ओरडतोय, त्यात दोनदा तोच ओरडा फिरवून दाखवलेला!

"तो पोरगा लई शांत हाय बघा," शेजारच्या काकी म्हणाल्या.

"व्हय की. संस्कार हायत," आणखी कुणीतरी.

मी काही बोलणार तेवढ्यात शेवटचा प्रश्न आला. पडद्यावर आईनं बेल दाबली. गल्ली श्वास रोखून बसली. त्या काळ्या रेघेच्या एका बाजूला आईचं ताठ बसणं, सारखा केलेला पदर, आणि दुसऱ्या बाजूनं माझं तोंड, फाटलेलं, पडदाभर: "धोटाऽऽऽ!"

फट्! चप्पल बरोबर माझ्या नाकावर बसली. पडद्यावरच्या. मी तिच्या शेजारीच बसलो होतो, हाताच्या अंतरावर.

"आगं काकी," कुणीतरी म्हणालं, "त्यो हितं बसलाय की!"

"हितल्याला मारून काय उपेग?" आई म्हणाली. "त्याला ऐकू कुठं येतंय!"

पडद्यावर आता दोन रेघा आहेत. एक विक्रांतची, एक माझी. नीट बघितलं तर माझी जास्त खोल आहे.

पुढच्या आठवड्यात वाहिनीचं पत्र आलं. आक्कानं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. मोठ्यानं म्हणजे पलीकडच्या गल्लीलाही कळलं. 'आपले गुलाबी पत्रक आम्ही गांभीर्याने घेतले आहे. त्यातील मागणी क्रमांक चार विचारार्थ घेऊन पूर्णपणे मान्य करण्यात येत आहे. त्यानुसार श्री. सागर यांना सदर कार्यक्रमातून कायमचे हद्दपार करण्यात येत आहे. त्यांच्या आईंना मात्र, त्यांची बेल वाया गेल्यामुळे, पुढील फेरीसाठी सन्मानाने निमंत्रण आहे. सोबत मुलगा आणू नये.'

मी ताडकन उठलो. "हा अन्याय आहे! ती मागणी विक्रांतसाठी होती! मी याच्यावर पत्रक..."

आईनं हात हलवला. संकेश्वरहून आल्यापासून पहिल्यांदाच तिनं माझ्याकडं बघितलं. मग सावकाश, नुसत्या ओठांनी, म्हणाली: 'कागद वाच. तो कोणीही असो.'

वाचलं. माझंच वाक्य. मोरासकट.

आई आणि आक्का परवा पहाटेच्या बसनं जाताहेत. जांभळी साडी इस्त्री होऊन आली. डब्याचं झाकण पुन्हा टणटणतंय. मी कांड्या भरायला घरी थांबणार आहे, आणि तो भाग लागेल त्या रविवारी माग चालू ठेवायचे असं आप्पांनी ठरवलंय, म्हणजे मी काहीही ओरडलो तरी कुणाला ऐकू जाणार नाही.

तरीही मी खचलेलो नाही. वीस पत्रकं, बसच्या, दिव्यांच्या, गटारीच्या इतक्या मागण्या, आणि त्यांतली एक अखेर पूर्णपणे, बिनशर्त, लेखी मान्य झाली. एकविसावं पत्रक जाहीर आभाराचं आहे. बसवंतकाका म्हणाले, गुलाबी कागद अजून शिल्लक आहे.